वाचकांचे प्रश्न : जुन्या सीएनसी कंट्रोलवरील मॅक्रो व्हेरिएबल

प्रश्न : आमच्याकडे फॅनुक कंपनीच्या ‘झिरो’ मालिकेचा जुना कंट्रोल (यंत्र चालवणारा संगणक) असलेले एक मिलिंग यंत्र आणि त्यानंतरच्या पिढीचे दुसरे यंत्र आहे. नव्या यंत्रावर बिनतक्रार चालणारा मॅक्रो (# क्रमांकाच्या व्हेरिएबलमध्ये किमती साठवून गणित करणारा प्रोग्राम) जुन्यावर चढवला, तर ‘#१०० = #१०० + १’ या ओळीवरच अलार्म येतो. जुन्या कंट्रोलला मॅक्रो चालतच नाहीत, असे समजावे काय?

उत्तर : असा निष्कर्ष लगेच काढू नये. त्या काळी मॅक्रो ही वेगळे पैसे मोजून घेण्याची सुविधा होती आणि ती दोन प्रकारांत मिळत असे. मॅक्रो बी या प्रकारात आपण लिहिली तशी समीकरणाची ओळ, चौकोनी कंस, ‘इफ’ आणि ‘व्हाइल’ हे सारे चालते. ‘झिरो’ मालिकेतील अनेक यंत्रांवर मात्र मॅक्रो ए असतो आणि त्याची लिहिण्याची रीतच निराळी आहे. तेथे प्रत्येक गणिती क्रिया जी६५ या मॅक्रोच्या आज्ञेच्या ओळीत एच क्रमांक देऊन सांगावी लागते. एच०१ म्हणजे किंमत देणे, एच०२ बेरीज, एच०३ वजाबाकी, एच०४ गुणाकार आणि एच०५ भागाकार. आपली ओळ तेथे ‘जी६५ एच०२ पी#१०० क्यू#१०० आर१’ अशी होईल. पी मध्ये उत्तर साठवले जाते आणि क्यू व आर मधल्या किमतींवर क्रिया होते. उडी मारण्यासाठी एच८० बिनशर्त, तर एच८१ ‘दोन किमती समान असल्यास’ अशी योजना आहे. त्या ओळींत पी पुढे व्हेरिएबल न लिहिता ज्या ओळीवर जायचे तिचा एन क्रमांक लिहितात.

खात्री करून घ्यायची असेल, तर एमडीआयमध्ये (ओळ हाताने टाकून लगेच चालवण्याच्या अवस्थेत) ‘जी६५ एच०१ पी#१०० क्यू१’ ही एकच ओळ चालवावी आणि व्हेरिएबलच्या पानावर #१०० मध्ये १ आला का, ते पाहावे.

मॅक्रो ए मध्ये लिहिताना खरी अडचण एच क्रमांक पाठ करण्याची नसते, ते दोन दिवसांत अंगवळणी पडतात. अडचण आहे ती दशांश चिन्हाची. तेथे व्हेरिएबलमध्ये फक्त पूर्णांक राहतो. यंत्राचे लघुतम एकक ०.००१ मिमी असेल, तर १२.५ मिमी ही किंमत १२५०० अशी द्यावी लागते, आणि भागाकारात उरलेला अपूर्णांक कंट्रोल न सांगता टाकून देतो. १२५०० चे दोनतृतीयांश काढताना आधी ३ ने भागून मग २ ने गुणले, तर ४१६६ दुणे ८३३२ मिळतात. आधी गुणून मग भागले, तर ८३३३. एका मायक्रॉनने काय बिघडते, असे वाटेल. पण हीच क्रिया फेऱ्यांमागून फेऱ्यांत जमत गेली, की शेवटच्या भोकाच्या जागेत फरक दिसू लागतो. म्हणून गुणाकार आधी आणि भागाकार शेवटी, हा क्रम मॅक्रो ए मध्ये कटाक्षाने पाळावा.

प्रश्न : वर्तुळावर भोके पाडण्यासाठी मी ओ९०१० हा मॅक्रो बी मधला प्रोग्राम लिहिला आहे. क्यू दिला तर टप्प्याटप्प्याने ड्रिलिंग व्हावे आणि न दिल्यास एका दमात, यासाठी ‘इफ [#१७ ईक्यू ०] गोटू ५०’ अशी अट घातली आहे (#१७ म्हणजे क्यू चे व्हेरिएबल, ईक्यू म्हणजे ‘समान’). क्यू दिला नाही तरी प्रोग्राम ५० व्या ओळीवर जात नाही. कंट्रोलमध्ये दोष असावा का?

उत्तर : दोष कंट्रोलचा नाही. मॅक्रो बोलावणाऱ्या जी६५ च्या ओळीत जे अक्षर दिलेले नसते, त्याच्या व्हेरिएबलमध्ये शून्य येत नाही. ते व्हेरिएबल रिकामे राहते. रिकामे आणि शून्य या कंट्रोलच्या दृष्टीने दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि रिकामेपणासाठी #० हे स्वतंत्र चिन्ह राखून ठेवलेले आहे. आपली अट ‘इफ [#१७ ईक्यू #०] गोटू ५०’ अशी लिहिल्यास प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे वागेल.

हा भेद प्रत्येक ठिकाणी सारखाच पाळला जात नाही, त्यामुळे त्याचा थोडा विस्तार करतो. ईक्यू (समान) आणि एनई (असमान) या दोन तुलनांमध्ये रिकामे हे शून्याहून वेगळे मानले जाते. जीई (मोठे किंवा समान) किंवा जीटी (मोठे) सारख्या तुलनांमध्ये ते शून्य समजले जाते. बेरीज-गुणाकारातही ते शून्यच समजले जाते. हालचालीच्या ओळीत मात्र ते अक्षरच वगळले जाते. #१ रिकामे असताना ‘जी९० जी०० एक्स१००. वाय#१’ ही ओळ आली, तर फक्त एक्स अक्ष हलतो आणि वाय जागच्या जागी राहतो. #१ मध्ये शून्य असते, तर वाय शून्यावर गेला असता. यातला सर्वांत धोकादायक प्रकार गणिताचा आहे. ‘#३० = #२६ - #१८’ असे लिहिले (#२६ झेडचे, #१८ आरचे व्हेरिएबल) आणि ऑपरेटर आर द्यायला विसरला, तर कंट्रोल #१८ ला शून्य धरून निमूट पुढे जातो, अलार्म देत नाही आणि चुकीची खोली तयार होते.

म्हणून ज्या किमतींवाचून काम होऊच शकत नाही, त्यांची तपासणी मॅक्रोच्या पहिल्या काही ओळींतच करावी आणि किंमत रिकामी आढळल्यास #३००० या अलार्म देणाऱ्या व्हेरिएबलला क्रमांक व कंसात छोटा संदेश देऊन यंत्र थांबवावे. मला विचाराल तर ही तपासणी नसलेला मॅक्रो दुसऱ्याच्या हाती देऊच नये.

आपल्या पत्रात हाच प्रोग्राम काही जण एम९८ या उपप्रोग्रामच्या साध्या आज्ञेने बोलावतात, असाही उल्लेख आहे. ते थांबवावे. जी६५ ने बोलावल्यावर #१ ते #३३ हा स्थानिक व्हेरिएबलचा नवा संच मिळतो. एम९८ ने बोलावल्यास मुख्य प्रोग्रामचाच संच पुढे चालतो आणि त्यात आधीच्या कामाची जुनी किंमत पडून असू शकते. तेव्हा #१७ रिकामे असल्याची आपली तपासणीच निरर्थक ठरते. आणखी एक लहानशी गोष्ट : जी६५ च्या ओळीत किमतीपुढे दशांश बिंदू द्यावा. जुन्या कंट्रोलवर ‘झेड१०’ हे दहा मिलिमीटर न धरता दहा लघुतम एकके धरले जाण्याची शक्यता असते.

प्रश्न : लंबवर्तुळासाठी ‘व्हाइल [#१ एनई ३६०]’ असे आवर्तन लिहून #१ मध्ये दर वेळी ०.१ अंश मिळवतो. यंत्र थांबतच नाही, आणि चालते तेही अडखळत.

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ वेगळे आहे. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी साठवता येत नाही. बेरजांनंतर #१ ची किंमत ३६० च्या अगदी जवळून निघून जाते, पण नेमकी ३६० होत नाही. अशा ठिकाणी एनई ऐवजी एलई (लहान किंवा समान) वापरावे आणि मर्यादा अर्ध्या टप्प्याने वाढवून ३६०.०५ ठेवावी, किंवा फेऱ्यांची गणती पूर्णांकात ठेवून कोन तिच्यावरून काढावा, जे मला अधिक पसंत आहे. फिक्स (अपूर्णांक टाकून देणारी क्रिया) वापरतानाही हीच सावधगिरी हवी, कारण ०.००२ ला १००० ने गुणून फिक्स केल्यास २ ऐवजी १ हाती येऊ शकतो.

अडखळण्याचे कारण वेगाचे आहे. सरकवेग मिनिटाला ६०० मिमी असेल, तर टूल सेकंदाला १० मिमी जाते. प्रत्येक तुकडा ०.१ मिमीचा असल्यास सेकंदाला १०० ओळी, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी १० मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात साइन, कोसाइन व गुणाकार उरकणे जुन्या प्रोसेसरला झेपत नाही. रेखाचित्रातील सहनशीलता पाहून कोनाचा टप्पा वाढवावा, किंवा सरकवेग कमी करावा. सगळे बिंदू संगणकावर काढून लांबलचक प्रोग्राम चढवणे हा पर्याय आहे खरा, पण या कंट्रोलची स्मृती अजूनही कागदी फितीच्या मीटरमध्ये मोजतात. इंचाला दहा अक्षरे धरली, तर ८० मीटर म्हणजे जेमतेम ३१,५०० अक्षरे होतात.

प्रश्न : हालचाल संपल्यानंतरच्या ओळीत #५०४१ (एक्स अक्षाचे चालू स्थान) वाचूनही कधी कधी भलताच आकडा का मिळतो?

उत्तर : कारण प्रोग्राममधली पुढची ओळ यंत्राच्या दृष्टीने ‘नंतर’ असतेच असे नाही. कटिंग चालू असताना कंट्रोल पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवतो आणि त्यांतील मॅक्रोची विधाने तेव्हाच उरकून टाकतो. त्यामुळे #५०४१ मध्ये अक्ष वाटेत असतानाचे स्थान येऊ शकते. ओळीच्या शेवटचा बिंदू हवा असेल, तर #५००१ वाचावा. तो या आगाऊ वाचनाने बिघडत नाही. प्रत्यक्ष स्थानच हवे असेल, तर त्याआधी आगाऊ वाचन थांबवणारी ओळ घालावी. पॅरामीटरमध्ये त्यासाठी नेमलेला एम कोड यासाठी सर्वांत सोयीचा. जी४१ किंवा जी४२ (टूलच्या त्रिज्येची भरपाई) चालू असताना कंट्रोल आणखी पुढचे वाचतो, म्हणून असे वाचन ती भरपाई बंद करणाऱ्या जी४० नंतरच करावे.

प्रश्न : कार्यवस्तूंची मोजदाद #१०० मध्ये ठेवतो, ती सकाळी नाहीशी होते.

उत्तर : #१०० पासूनची व्हेरिएबल वीज बंद होताच रिकामी होतात. मोजदाद #५०० पासूनच्या गटात ठेवावी. जुन्या कंट्रोलवर हा गट बहुधा #५३१ पर्यंतच असतो. हा गट बॅटरीच्या आधारावर टिकतो, तेव्हा बॅटरी बदलताना कंट्रोल चालू असावा आणि फिक्श्चरची मापे वगैरे मोलाच्या किमती वहीत उतरवून ठेवलेल्या असाव्यात. कोणता क्रमांक कशासाठी वापरला, हेही त्याच पानावर लिहावे, कारण दोन प्रोग्रामांनी #५०१ वर वेगवेगळा हक्क सांगितला, तर कंट्रोल त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही.