आजवर फक्त स्कूटर चालवली आहे, पहिली गिअरची गाडी थेट केटीएमची ३९० ड्यूक घेतली तर जमेल का?

तुम्ही लिहिलंय ते असं: वय २३, उंची पाच फूट चार इंच, पाच वर्षं ॲक्टिव्हा चालवताय, आता नोकरी लागली आहे. रोज हडपसर ते हिंजवडी, रविवारी लोणावळा नाहीतर ताम्हिणी. आणि मित्र सांगतायत, "छोटी घेतलीस तर सहा महिन्यांत कंटाळशील, थेट ३९० घे."

माझं उत्तर "आत्ता नको" असं आहे. बाकीचे तुम्हाला वेगाची भीती घालतील. मला तुमच्या डाव्या हाताची काळजी वाटते.

मी स्वतः बारा वर्षं स्कूटर चालवून एकतिसाव्या वर्षी गिअरच्या गाडीवर आले. सेकंडहँड १२५ सीसी, टाकीवर आधीच्या मालकाच्या मुलांची नावं रंगवलेली. तिसरा आठवडा होता, "जमतंय की आपल्याला" असं नुकतंच वाटायला लागलेलं. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार उतरत होते आणि खालून एक पोरगं सायकल घेऊन आडवं आलं. माझ्या डाव्या हाताची चारही बोटं गच्च आवळली गेली. स्कूटरवर तिथे ब्रेक असतो. मोटारसायकलवर तिथे क्लच असतो! क्लच दाबला की इंजिन आणि मागचं चाक यांचा संबंध तुटतो. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जे मागे धरून ठेवतं, तेही सुटतं. सपाटीवर गाडी नुसती वाहत जाते, उतारावर उलट वेग घेते. मला वाटत होतं मी ब्रेक दाबतेय आणि गाडी पळतेय, म्हणून मी आणखी जोरात दाबत होते. पोरगं निसटलं. मी समोरच्या कारच्या बंपरला जाऊन टेकले. वेग माणसाच्या धावण्याएवढा असेल-नसेल. बंपरला खोच, गुडघ्याला टेंगूळ, आणि शेजाऱ्यांना साडेतीन हजार रुपये. गाडी आडवी पडली तेव्हाही क्लच माझ्या मुठीत दाबलेलाच होता.

पाच वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाच्या अंगात हीच सवय असते, आणि ती डोक्यात नसून बोटांत असते. "हो, माहितीये मला, डावीकडे क्लच" हे ज्ञान घाबरल्यावर उपयोगी पडत नाही. ती सवय मोडायला काही हजार वेळा क्लच दाबून सोडावा लागतो, आणि तोवर एक-दोनदा तरी चूक होणार. ती चूक कुठल्या गाडीवर व्हावी, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता उजवा हात. माझा भाचा सांगलीत एका मैदानावर मित्राची चारशे सीसीच्या घरातली गाडी घेऊन गेला. क्लच झटकन सुटला, गाडी पुढे उसळली, तो मागे फेकला गेला. मागे जाताना माणूस हँडल सोडत नाही, उलट घट्ट धरतो, आणि उजवी मूठ शरीराबरोबर मागे पिळली जाते. म्हणजे ॲक्सिलरेटर वाढतो, गाडी आणखी उसळते, माणूस आणखी मागे. हे चक्र एकदा सुरू झालं की विचार करायला वेळच मिळत नाही. तो बाभळीच्या कुंपणात सापडला, अंगभर काटे. मामी काढत बसली होती संध्याकाळपर्यंत. हीच चूक स्प्लेंडरवर केली असती तर गाडीने एक हिसका देऊन बंद पडायचं, फार तर दोन हात पुढे जायचं. मित्रांनी हसायचं, संपलं.

आकड्यांत बघा. तुमच्या ॲक्टिव्हाची ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आत आहे. नव्या ड्यूकची (नाव ३९०, इंजिन ३९९ सीसी) ४५ च्या आसपास. वजन ॲक्टिव्हाच्या दीडपटीहून थोडं जास्त, ताकद जवळपास सहापट. शिवाय पुण्यात तुम्ही ती ताकद वापरणार कुठे? द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे, लोणावळ्याला तुम्ही जुन्या हायवेनेच जाणार. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. वर मोठ्या इंजिनाची ऊब मांडीला.

सीसी हे माप मात्र फसवं आहे, तेवढ्यावर जाऊ नका. यामाहाची आर१५ फक्त १५५ सीसीची, पण अठराच्या वर हॉर्सपॉवर देते. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० दुप्पट सीसीची, देते वीसच्या आसपास. फरक असा की आर१५ १४० किलोच्या घरात आणि क्लासिक १९५ किलोची. म्हणून "बुलेट काय, आरामात चालते, नवशिक्यालाही चालेल" हे अर्धंच खरं. चालताना ती शांत असते हे कबूल. पण पेट्रोल पंपाच्या उतारावर, वाळूवर, किंवा पार्किंगमधून मागे ढकलत काढताना १९५ किलो एका बाजूला कलले की पाच फूट चार इंचाच्या माणसाचा एक पाय ते धरू शकत नाही. मलाही धरता आलं नव्हतं (दिराची गाडी, दिवाळीत, सगळ्यांसमोर). बाय द वे, पडलेली गाडी उचलायची असेल तर पाठ गाडीकडे करा, सीटच्या कडेला टेका, एक हात हँडलला आणि एक मागच्या पकडीला, आणि पायांच्या जोराने मागे मागे चालत जा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर आठवडाभर अंथरुणात.

युरोपात याच्यासाठी लायसन्सच्या पायऱ्या आहेत. सोळाव्या वर्षी ए-वन: १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, म्हणजे पंधरा हॉर्सपॉवरपर्यंत. अठराव्या वर्षी ए-टू: ३५ किलोवॅट, साधारण ४७ हॉर्सपॉवर. त्यापुढची खुली पायरी वय आणि अनुभव बघून. म्हणजे आपल्या चाकणला बनणारी ३९० तिकडे मधल्या पायरीच्या अगदी छताला टेकते. आपल्याकडे पायऱ्याच नाहीत. शंभर सीसी असो की हजार, लायसन्स एकच. त्यामुळे पायरी आपली आपणच ठरवायची.

तुमच्या जागी मी असते तर १२५ ते १६० सीसीमधली, १५०च्या आसपास किलोची, सीटवर बसून दोन्ही तळवे बऱ्यापैकी जमिनीला टेकणारी गाडी घेतली असती, आणि तीही सेकंडहँड. नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की रडू येतं, आणि तो पडणारच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे १५०-१६० मध्ये शोधत असाल तर त्यानंतरचं मॉडेल बघा. पावसाळ्यात घाबरून पुढचा ब्रेक आवळला तर चाक लॉक होऊन घसरत नाही, हा त्याचा फायदा. पण माझ्यासारखं तुम्ही ब्रेकऐवजी क्लचच दाबलात तर एबीएस काही करू शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

गाडी आली की पहिले चार-पाच दिवस रस्त्यावर नेऊच नका. एखादं मोकळं मैदान गाठा, सकाळी सहाला. इंजिन चालू, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. फक्त क्लच हळूहळू सोडायचा. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडी पुढे सरकायला बघते. तो हाफ क्लच. तिथेच थांबायचं, परत दाबायचं, परत सोडायचं. पायांनी चालत चालत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पन्नास फेऱ्यांनंतर बोटांना ती जागा न बघता सापडते, आणि तिथून पुढे गाडी बंद पडत नाही, उसळतही नाही. प्रत्येक गाडीची ही जागा वेगळी असते, काहींची लिव्हर अर्धी सुटल्यावर, काहींची अगदी शेवटी. मित्राची गाडी घेतलीत तरी आधी ती शोधा.

मग हळू चालवणं. वेगात गाडी स्वतःच सरळ राहते, त्यात कसब नाही. चालण्याच्या गतीने आठचा आकडा काढून दाखवणं, हे कसब. त्याची किल्ली उजव्या पायात आहे: क्लच अर्धा, ॲक्सिलरेटर अगदी थोडा आणि स्थिर, आणि मागचा ब्रेक हलकासा दाबलेला. गाडी त्या तिघांच्या ताणात उभी राहते. पुढचा ब्रेक हँडल वळलेलं असताना मुळीच नाही, तिथेच सगळे पडतात. आणि नजर चाकासमोरच्या मातीवर नको, वळून जिथे जायचंय तिथे. मला माझे सासरे ओरडून सांगायचे, "मान वळव, मान! गाडी येईल मागनं." ते खरंच होतं.

नंतर ब्रेक. वीसच्या वेगाने या आणि थांबा, मग तीस, मग चाळीस. दर वेळी मनात क्रम: ॲक्सिलरेटर सोडला, पुढचा आणि मागचा ब्रेक एकदम, आणि क्लच सगळ्यात शेवटी, गाडी बंद पडायच्या बेताला आली की. स्कूटरवाल्यांसाठी हा सराव सगळ्यात महत्त्वाचा. पुढचा ब्रेक झटक्यात न आवळता लिंबू पिळतो तसा चढत्या जोराने. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो, आणि "पुढचा ब्रेक लावलास तर उलटशील" हे घरोघरी शिकवलेलं वाक्य विसरून जा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर लागणारं अंतर चौपट होतं. शिवाय साठच्या वेगात, डोक्यात "अरे!" येऊन बोट हलेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते.

घाटाचं थोडक्यात: उतरताना त्याच गिअरमध्ये उतरा ज्यात चढला असता. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणं टाळा. माझ्या माहेरच्या बाजूला गेलात तर गळीत हंगामात अंधार पडल्यावर चालवू नका, उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री नाही.

पैशांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, त्यावरच्यांवर ४० टक्के. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, ३५०च्या वर २८०४. उरलेल्या पैशांत आयएसआय मार्कचं चांगलं फुल फेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज आणि घोटा झाकणारे बूट घ्या. हे ऐच्छिक समजू नका, गाडीच्या किमतीतच धरा.

३९० कधी? सहा महिन्यांत कंटाळा आला तर येऊ दे. एक पावसाळा आणि एक-दोन घाट पार पाडा. मग एखाद्या दिवशी कुत्रं आडवं येईल, तुम्ही थांबाल, आणि पुढे गेल्यावर लक्षात येईल की डाव्या हाताने या वेळी काही वेडेपणा केला नाही. त्यानंतर खुशाल शोरूममध्ये जा. माझा भाचा दोन वर्षं १६० चालवून आता तीच चारशेची घेऊन फिरतो, चांगली चालवतो.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: तुमचं लायसन्स काढून बघा. टेस्ट ॲक्टिव्हावर दिली असेल तर त्यावर बहुधा "विदाऊट गिअर" असेल. ते मोटारसायकलला चालत नाही, पोलिसांनी पकडलं तर दंड आणि अपघात झाला तर विम्याची कटकट. "विथ गिअर"साठी आधी लर्निंग काढावं लागतं आणि त्यानंतर किमान तीस दिवसांनी टेस्ट. तो महिना मैदानावर घालवायला बरोब्बर पुरतो.