एका पीसीला चार डीव्हीडी रायटर लावायचे तर काय बघावं?

दशावताराच्या एका नाटकाच्या दोनशे डीव्हीडी काढायच्या आहेत, चार रायटर एकदम चालवायचे तर प्रोसेसर कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. प्रोसेसरचा विषय सोडा. जुना ड्युअल कोअरही पुरतो. मी कुडाळात लग्नाची शूटिंग करतो. माझ्या डिस्क वाया गेल्या त्या एसएमपीएसपायी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापायी.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला होता तो. चौथा रायटर फिरायला लागला की पहिल्याची घरघर उतरायची आणि शेवटी एरर. रायटरच्या लेबलवर ५ आणि १२ व्होल्टचे अँपिअर छापलेले असतात. गुणाकार करून बेरीज करा, एकेक रायटर २५-३० वॅटपर्यंत जातो. चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस टाकला आणि कटकट मिटली.

मग हार्ड डिस्क. डीव्हीडी लिहिण्याचा १एक्स वेग म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. ८एक्सला ११, चौघांचे मिळून ४४. तुमचं नाटक एकच आहे, तेव्हा एक आयएसओ (अख्ख्या डीव्हीडीची एकच फाइल) करा आणि चारही एकदम सुरू करा. पहिल्यासाठी वाचलेला डेटा बाकीच्यांना रॅममधूनच मिळतो. मी मात्र एकदा चार वेगवेगळी लग्नं लावली (बर्निंगला हो!), तर हार्ड डिस्कचं वाचणारं हेड नुसतं इकडून तिकडे पळतंय आणि रायटरचा बफर (लिहायच्या डेटाचा तात्पुरता साठा) सारखा रिकामा. हल्लीचे रायटर अशा वेळी थांबून पुन्हा तिथूनच लिहितात, डीव्हीडी वाया जात नाही, पण वेळ दुप्पट. तसलं काम असेल तर एसएसडी घ्या.

रायटर साटा (SATA) जोडणीचेच घ्या, प्रत्येकाला स्वतंत्र केबल. जुन्या आयडीई जोडणीत एका केबलवर दोन रायटर (मास्टर-स्लेव्ह) लागतात, पण एका वेळी एकच बोलतो. यूएसबी २.० च्या हबवर चार नकोतच. कागदावर ४८० मेगाबिट, हाती सेकंदाला ३०-३५ एमबी, आणि चौघांना लागतात ४४.

१६एक्सचा मोह धरू नका. यूपीएस हवाच, आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. कोऱ्या डिस्कचं स्पिंडलही (चळतीचा डबा) उघडं टाकू नका, दमट हवा डिस्कला चांगली नाही.

आणि प्रत्येक डिस्कवर मार्करने रायटरचा नंबर टाका. एखादा बिघडलेला निघाला तर दोनशेपैकी कुठल्या पन्नास परत काढायच्या ते कळेल.