लहान जनरल स्टोअरमध्ये सीझनचा माल किती भरावा आणि उरला तर काय करावं?

तुम्ही विचारलंय की दुकान नवीन आहे, राख्या, छत्र्या, गणपतीचं डेकोरेशन सगळं भरायचंय, पण माल अंगावर पडायची भीती वाटते. भीती बरोबर आहे. आमचं तालुक्याच्या गावी वडलांपासूनचं कटलरी-स्टेशनरीचं दुकान आहे त्यामुळे जे बघत आलोय ते सांगतो.

आधी मनात दोन ढीग करा, एक तारखेला मरणारा माल आणि दुसरा पुढच्या वर्षीपण विकला जाणारा. राखी पहिल्या ढिगातली, पौर्णिमा झाली की तिला कोण विचारत नाही आणि पुढच्या वर्षी पोरांना नवीन कार्टून पाहिजे असतं, म्हणून राखीत मार्जिन कितीही दिसू दे पहिली खरेदी कमीच करा आणि शेवटचे तीन-चार दिवस अजिबात नवीन माल आणू नका, गिऱ्हाईक मागतंय तरी. आदल्या दिवशी संध्याकाळी खरेदी भावात सोडून द्या, मुद्दल सुटलं तरी खूप झालं. छत्री वेगळी, ती राहते, फक्त कोरडी ठेवा, आणि रेनकोट पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात उष्णतेने एकमेकांना चिकटतात.

आता तारखा. मागच्या वर्षी अमुक आठवड्यात माल लावला म्हणून यंदाही तेव्हाच, असं नाही चालत. २०२३ ला अधिक श्रावण आला तर राखी पौर्णिमा ३० ऑगस्टला आणि गणपती १९ सप्टेंबरला, आणि २०२५ ला राखी ९ ऑगस्टला, गणपती २७ ऑगस्टलाच. म्हणजे इंग्रजी तारीख न बघता तिथी बघा, कॅलेंडर हातात आलं की पहिलं हेच काम. आणि राखी ते गणपती मध्ये अडीच-तीन आठवडेच मिळतात, त्यामुळे पुढच्या रॅकवरच्या राख्या उतरल्या की दुसऱ्या दिवशी तिथं मखराच्या झालरी, माळा लागल्याच पाहिजेत. (अधिक महिना तुमच्याकडे भांडी असतील तर फायद्याचाच, जावयाला द्यायला ताम्हन, दिवे जातात.)

पावसाला तर तिथीपण नाही. मुंबईत मान्सून २०२३ ला २५ जूनला आला आणि २०२५ ला २६ मेलाच!! म्हणून पावसाळी माल दोन लॉटमध्ये घ्या, पहिला थोडा मे मध्यापर्यंत दुकानात पाहिजे, दुसरा पाऊस आणि शाळा दोन्ही सुरू झाल्यावर, आणि दुसऱ्या लॉटमध्ये लहान मुलांचे साइज जास्त, कारण मोठी माणसं जुनी छत्री दुरुस्त करून वापरतात पण पोरं वाढतात.

डेकोरेशन टिकतं म्हणून साठवून ठेवायचा मोह मात्र टाळाच. मार्च २०१८ मध्ये सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा ज्यांच्या गोडाऊनला मखरं पडून होती त्यांचे पैसे अडकले, माल चांगला असून विकता येईना.

होलसेलवाल्याशी परतीचं बोलणं खरेदीच्या वेळीच करा, पुण्यात बोहरी आळीत घ्या नाहीतर मुंबईत मस्जिद बंदरला, आणि परत घेणार म्हणाला तर किती तारखेपर्यंत ते बिलावर लिहून घ्या, तोंडी बोली सीझन संपल्यावर कुणाला आठवत नाही. थोडा भाव जास्त लागला तरी परतीचाच माल घ्या, निदान पहिली दोन वर्षं.