ती ओळ परत घाल

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कवितेचे दोन्ही खर्डे वाचले. आगीत शिरलेल्या जवानांना हुकूमच चुकीचा मिळाला होता, ही ओळ पहिल्यात होती. दुसऱ्यात ती नाही. ‘बलिदानाला गालबोट लागतं’ असं कुणीतरी म्हणालं आणि तू ती काढलीस. ती परत घाल.

बालाक्लावाची लढाई तुला माहीत असेल. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाचं युद्ध. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकाडावर होता. काबीज केलेल्या मोर्चांतल्या तोफा रशियन ओढून नेताहेत असं त्याला वाटलं आणि त्या रोखण्याचा हुकूम त्याने चिठ्ठीवर खाली धाडला. खाली घोडदळाचा प्रमुख लॉर्ड ल्यूकन याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. कुठल्या तोफा, असं त्याने विचारल्यावर चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनने हात केला तो दरीच्या टोकाकडे, असं सांगतात. तिथे रशियन तोफखाना मांडलेला होता आणि दोन्ही बाजूंच्या चढांवरही तोफा होत्या. लाइट ब्रिगेड या ब्रिटिश घोडदळाच्या तुकडीचे साडेसहाशेहून अधिक स्वार त्या दरीत घुसले. सुमारे ११० मेले, १६० जखमी झाले, घोडे तर तीनशेच्या वर गेले. नोलन अगदी सुरुवातीलाच पडला, त्यामुळे त्याला नेमकं काय दाखवायचं होतं हे विचारायचीही सोय उरली नाही.

वर्तमानपत्रातली हकिगत वाचून इंग्रज कवी टेनिसनने काही मिनिटांत त्यावर कविता लिहिली. ९ डिसेंबरला ती छापूनही आली. तो राजकवी होता, तरी कुणाची तरी घोडचूक झाली होती आणि ती शिपायांना कळत होती, हे त्याने स्वच्छ लिहिलं. पुढच्या वर्षी पुस्तकात घेताना मात्र त्याने घोडचुकीची ती ओळच गाळली. मग क्रिमियातून निरोप आला की शिपायांना ही कविता फार आवडते, छापील प्रती पाठवा. टेनिसनने ओळ परत घातली आणि शिपायांसाठी हजार प्रती छापून घेतल्या. ज्यांचे सोबती त्या युद्धात मेले, त्यांच्या हाती जायची कविता त्याला ती ओळ वगळून द्यावीशी वाटली नाही. नेसरीच्या सात स्वारांवर लिहिताना आपल्या कुसुमाग्रजांनीही वेडाला शहाणपण म्हटलेलं नाही, आणि म्हणून प्रतापराव गुजर तसूभरही लहान होत नाहीत.

आता जागेबद्दल. टेनिसनने ती ओळ दुसऱ्याच कडव्यात ठेवली आहे, हुकमाच्या लगेच मागे, तोफा धडधडण्याच्या आधी. त्यामुळे पुढची सगळी दौड आपण ते जाणूनच वाचतो. तुझ्या पहिल्या खर्ड्यात ती अगदी शेवटी होती, तिथे ती नुसती तक्रार वाटते. जवान दारातून आत शिरतात त्या कडव्याच्या आधी ती आण. मग शेवटच्या चार ओळींची बहुधा गरजच राहणार नाही. काढून बघ आणि तिसरा खर्डा पाठव.