क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसमध्ये (स्वादुपिंडाची जुनाट सूज) कॅप्सूल घेऊनही वजन का उतरतं? घरी काय बघायचं?

तुमच्या भावाला डिस्चार्ज मिळालाय, एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू आहेत, तरी वजन उतरतंय आणि संडासला पातळ होतेय, असं तुम्ही ऐरोलीहून विचारलंय. मी ठाण्यात मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. आधी एवढंच बघा, तो कॅप्सूल नेमकी कधी घेतो?

बरेच पेशंट जेवण उरकून, हात धुऊन, बाकीच्या गोळ्यांबरोबर घेतात. तोवर अन्न पुढे सरकलेलं असतं. स्वादुपिंडाचा अन्न पचवणारा रस कमी पडतो म्हणून ही कॅप्सूल. ती अन्नात मिसळली तरच उपयोग. पहिल्या घासाला एक, दोन लिहून दिल्या असतील तर दुसरी अर्ध्या जेवणात. चावायची नाही, गरम चहाबरोबर गिळायची नाही. मधल्या वेळच्या पोह्यांनाही लागते, साधारण जेवणाच्या डोसच्या निम्मा डोस. नेमका डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. महापे-रबाळ्याला शिफ्टला जात असेल तर कॅप्सूल डब्याच्या पिशवीतच ठेवा.

संडासला कशी होते ते त्याला स्पष्ट विचारा. तेलकट, फिकट, उग्र वासाची, फ्लश करूनही न जाणारी असेल तर स्निग्ध पदार्थ पचत नाहीयेत. डॉक्टरांना हेच शब्द सांगा. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

आणि कृपा करून त्याला नुसत्या पेजेवर ठेवू नका. तेल-तूप पूर्ण तोडलं की माणूस आणखी खंगतो. मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, मासे, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. मिसळीची तर्री, वडापाव नको. दारू, सिगारेट, तंबाखू कायमची बंद. पण हा आजार दारू न पिणाऱ्यांनाही होतो, त्यामुळे नातेवाइकांचे टोमणे तुम्हीच थांबवा.

पोटातून पाठीत जाणारी कळ आली की तो उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसेल. रिपोर्ट 'तसाच' आला तरी ते दुखणं खरंच असतं. दुखेल या भीतीने जेवण टाळत असेल तर वेदनेचं औषध बदलून मागा.

साखरही तपासत राहा. या आजारातल्या मधुमेहात, विशेषतः इन्सुलिन चालू असताना, साखर एकदम घसरू शकते. घाम, थरथर दिसली आणि तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

ताप, डोळे पिवळे, काळी संडास, रक्ताची उलटी किंवा न थांबणारी कळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.