रक्ताची डॉक्टर व्हायचंय, पण कोणत्या बाजूची?

डोंबिवलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला. मावसभावाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, त्याच्यासोबत हॉस्पिटलच्या चकरा मारून ती आता म्हणते, ‘मी रक्ताचीच डॉक्टर होणार.’ काका म्हणतात, ‘ते लॅबमध्ये बसायचं काम.’ वडील विचारतात, बारावीनंतर कोणता कोर्स?

नमस्कार,

बारावीनंतर थेट असा कोर्स नाही. नीट, मग इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी (मेडिसिन किंवा बालरोग), पुन्हा प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्तविकारांची सुपरस्पेशालिटी. एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षं, सरकारी सेवेचा बाँड वेगळा. ही बेरीज घरात एकदा मोठ्याने करा.

काकांचं अर्धं बरोबर आहे. समजा, रिपोर्टमध्ये रक्त गोठायला फार वेळ लागतोय असं दिसलं. मग पेशंटचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून पुन्हा वेळ मोजतात. वेळ ताळ्यावर आली, तर पेशंटच्या रक्तात एखादा फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, कमी आहे. नाही आली, तर काहीतरी आडवं येतंय, बऱ्याचदा शरीरानेच बनवलेली अँटिबॉडी. तीही कधीकधी लबाड असते, मिश्रण दोन तास ३७ अंशांवर ठेवल्यावरच उघडी पडते. दोन्ही पेशंटना रक्तस्राव होऊ शकतो, पण उपचार निराळे. नळीतलं हे कोडं सोडवायचं आणि ओपीडीत आतल्या रक्तस्रावाने सुजलेला गुडघाही बघायचा, हे दोन्ही हिमॅटॉलॉजिस्टला जमावं लागतं.

फक्त नळीच, म्हणजे लॅबचं कामच, आवडत असेल, तर बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी ही वाट आहे. ती नीटमध्ये मार्क कमी पडलेल्यांसाठीची सोय म्हणून सांगत नाही. लॅबमध्येही मोठे शोध लागतात. बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट आपल्याच मुंबईत सापडला, १९५२ मध्ये, डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, दुर्मीळ रक्तगट आणि रक्तविकारांवर तिथे काम चालतं.

मुलीला एकदा विचारा, हॉस्पिटलातलं काय आठवतं? भावाचं कण्हणं, की डॉक्टरांनी समजावलेला रिपोर्ट? कोणत्या वाटेने जायचं याचा अंदाज मला तरी तिथूनच येतो. आणि भावासाठी म्हणून बारा वर्षं झिजायचं ओझं तिच्यावर नको, त्याच्यावरही नको.

जाता जाता, माझा विषय नसला तरी सांगतो. मावसभावाचा आजार त्याच्या आईकडून, म्हणजे तुमच्या पत्नीच्या बहिणीकडून, आलेला असू शकतो. तुमच्या पत्नी आणि मुलीने कॅरिअर तपासणी (स्वतःला त्रास नसताना आजाराचं जनुक अंगात आहे का, हे बघणारी) करावी का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

एवढ्या लांब पत्रात मुलीचं स्वतःचं एक वाक्य आहे, तेही तुमच्या अक्षरात. पुढचं पत्र तिला लिहू द्या.