ठासणीची रायफल नवीन घेतलीयस ना, मग आधी चिंध्या बघ

अरे, पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या बंदुकांचा) शिकारीचा सीझन करायचाय म्हणतोस तर बंदुकीची काळी दारू वाढवत बसू नकोस, आधी चिंधीकडे, म्हणजे गोळीभोवती गुंडाळायच्या वंगण लावलेल्या कापडाच्या तुकड्याकडे बघ. तुझी .50 कॅलिबर आहे (नळीचं भोक अर्ध्या इंचाचं), म्हणजे .490 इंचाची शुद्ध शिशाची गोळी आणि .015 इंच जाडीचं घट्ट विणीचं सुती कापड, इथून सुरुवात कर. पॉलिस्टर मिक्स अजिबात नको, वितळतं ते. दारू मापाने 60 ग्रेन (दारू मोजायचं एकक), मग 5-5 ने वर जा, पण रायफलच्या मॅन्युअलमधल्या कमाल मर्यादेच्या आतच. प्रत्येक वेळी बार झाल्यावर समोर पडलेली चिंधी शोधून आण, हे काम कंटाळवाणं आहे पण सगळं तिथेच कळतं: कडा फाटलेल्या असतील तर नळीचं तोंड धारदार आहे, मधे जळाली असेल तर कापड पातळ पडतंय किंवा वंगण कमी. दोन बारांमधे नळी पुसायचीच. गोळी ठासायच्या गजावर खूण करून ठेव, गोळी दारूला टेकलेली हवी, मधे फट राहिली तर नळी फुटू शकते, आणि हो, दारू फ्लास्कमधून थेट नळीत ओतायची नाही, मापातूनच. हरणावर 75 यार्डांपलीकडे मी तरी मारत नाही, गोल गोळीचा जोर फार लवकर उतरतो.